जावळाचं कलम

"शाळेचं तुमीच लिहा मॅडम, काही बी लिहा. पण जावळ आमच्याच देवापाशी निघीन," संदीप म्हणाला.

"असं कसं? नवस म्या केला हाये, माह्या माहेरच्या देवीले," वैशाली उसळली.

मी वाशिमला कोर्टात समुपदेशक आहे. नवरा-बायको वेगळे होतात तेव्हा मूल कुठं राहणार, त्याचे मोठे निर्णय कोण घेणार, हे लिहून ठरवावं लागतं. त्याला पॅरेंटिंग प्लॅन म्हणतात. दोघांच्या सह्या झाल्या की तो जजसाहेबांपुढे जातो.

यांचा ओम तीन वर्षांचा. राहणार आईकडे जऊळक्याला, सुट्टीत बापाकडे मेडशीला. हे चटकन ठरलं. लस, शाळा, ऑपरेशन या कलमांवर दोघं जांभया देत होते. जावळ आलं तसे ताठ बसले. संदीपच्या वकिलांनी त्यासाठी स्वतंत्र कलम मागितलं, उपकलमांसह. मग वैशालीच्या वकिलांना एक उपकलम जास्त हवं झालं.

ओम वेणी घालून टेबलाखाली खेळत होता. सारखं डोकं खाजवत होता.

"काय झालं त्याला?" मी विचारलं.

"घामोळ्या हायेत," दोघं एकदम म्हणाले. त्या दिवशीचं तेवढंच एकमत.

पुढच्या तारखेला कोणी आलं नाही. वैशालीचा फोन आला, दवाखान्यातून. ओमच्या डोक्यात गळवं झाली होती, ताप उतरत नव्हता. मी गेले. डॉक्टर वैतागलेले. "केस काढल्याशिवाय चिरा देता येत नाही. आणि यांची केस कोर्टात. दोघांना हो म्हणू द्या."

संदीप व्हरांड्यात फोनवर होता. "माहे बाबा नाई म्हणून राह्यले, देवापाशीच काढा म्हंतात," त्यानं मला सांगितलं.

वैशाली म्हणाली, "म्या हो म्हटलं तं हेच लोकं उद्या कोर्टात सांगतीन, इनं परस्पर जावळ काढलं."

माझा आवाज चढला. "देव थांबतील. गळू थांबणार नाही."

वैशालीनं ओमच्या कपाळावर हात ठेवला. तिला चटकाच बसला असावा. "काढा जी केस," ती सिस्टरला म्हणाली.

संदीपनं वडिलांचा फोन मधेच तोडला. आत येऊन ओमचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं. पोरगं किंचाळत होतं आणि बाप त्याच्याहून मोठ्यानं रडत होता.

पट्टी बांधून झाली. संदीपनं नाक पुसलं आणि विचारलं, "केस कुठी हायेत?"

वैशालीनं ते केव्हाच पदरात बांधले होते.

"अर्धे दे."

तिनं दिले. मोजून नाही, पण डोळे वटारून दिले. दोन्ही देवांची सोय झाली.

मग प्लॅन पुरा व्हायला वेळ लागला नाही. मी एकच कलम वाढवलं: तातडीच्या उपचाराला मूल ज्याच्याजवळ असेल त्यानं हो म्हणायचं, कोणाला विचारत बसायचं नाही. त्यावर मात्र दोघांनी नीट वाचून सही केली. जजसाहेबांनी मंजुरी दिली. ओम बरा झाला.

आता मी पहिल्याच बैठकीत दोघांना विचारते, "एकमेकांशी बोलायच्या आधी तुम्ही फोन कोणाला लावता?" आणि त्या माणसाला तारखेला बोलावून घेते.