नव्याण्णव टक्क्यांचा प्रबंध

नव्याण्णव टक्के हा आकडा वाचला आणि माझा हात पेनाकडे न जाता परत पहिल्या पानाकडे गेला. टेबलासमोर दीपाली बोरसे उभी होती. एम.टेक.च्या शेवटच्या सेमिस्टरची विद्यार्थिनी. तिला माझी एक सही हवी होती आणि मला ती द्यायची नव्हती.

ही सही काय भानगड आहे, ते आधी सांगतो. सुरतच्या बाहेर, कामरेजच्या बाजूला एका खासगी कॉलेजात मी कॉम्प्युटर सायन्स शिकवतो. आमच्याकडे एम.टेक. दोन वर्षांचं. विषयांचे पेपर पास व्हायचे आणि ठरलेले क्रेडिट जमवायचे. क्रेडिट म्हणजे त्या त्या विषयाचं वजन. एवढं बहुतेक सगळे पार पाडतात. खरी कसोटी डिझर्टेशनची. एक प्रश्न घ्यायचा, त्यावर स्वतः काम करायचं, प्रबंध लिहायचा, तो उचलेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढायचा आणि मग बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा द्यायची. पण व्हायव्हाला बसण्याआधी प्रबंधात गाइडची सही लागते, ‘हे काम विद्यार्थ्याने स्वतः केले आहे’ या वाक्याखाली. दीपालीचा गाइड मी.

मी मुळातच संशयी माणूस. बायको म्हणते, मी लग्नपत्रिकाही पुराव्यासारखी वाचतो. त्यात या नोकरीनं भर घातली. शहरात डिझर्टेशन तयार करून देणारे लोक आहेत. कोड, प्रबंध, व्हायव्हाची प्रश्नोत्तरं, सगळं एकत्र बांधून मिळतं. असे दोघे मी पकडलेत. त्यातल्या एकाला स्वतःच्या प्रबंधाचं शीर्षक धड वाचता येत नव्हतं.

दीपालीचा विषय सुरतला शोभणारा होता. पॉवरलूमवर विणलेल्या कापडाचा फोटो काढायचा आणि कॉम्प्युटरनं सांगायचं, कापड निर्दोष की सदोष. भोक, डाग, तुटलेला धागा हे दोष. असं सांगणाऱ्या प्रोग्रॅमला आम्ही मॉडेल म्हणतो. मॉडेलला आधी शेकडो फोटो दाखवून शिकवायचं. मग त्यानं कधीच न पाहिलेले फोटो समोर ठेवून त्याची परीक्षा घ्यायची. शंभरातली किती उत्तरं बरोबर आली, ती त्याची अ‍ॅक्युरसी. दीपालीची अ‍ॅक्युरसी नव्याण्णव होती. साध्या मोबाइलवर, कारखान्यातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेल्या फोटोंवर नव्याण्णव. माझा काही विश्वास बसेना.

मी तिला कोडमधल्या ओळी विचारल्या. तिनं पटापट सांगितल्या. यानं माझं समाधान व्हायला हवं होतं, पण पाठ केलेलं उत्तरही पटापटच येतं. मग विचारलं, फोटो कुठले?

“एका कारखान्यातले, सर.”

“कुठल्या?”

तिनं प्रबंधाची कडा बोटानं सरळ केली.

“नाव नाही सांगता येणार, सर.”

झालं. मी प्रबंध मिटला आणि सांगितलं, फोटो जिथे काढलेस ती जागा मला दाखव, मग सहीचं बघू.

दुपारी डीनसाहेबांनी बोलावून घेतलं. सही अडल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि नव्याण्णवचीही. त्यांना तो आकडा नव्या वर्षाच्या माहितीपत्रकात छापायचा होता. ते म्हणाले, “एवढा चांगला रिझल्ट आहे, तुम्हाला अडचण काय आहे?” मी म्हणालो, “सर, तीच अडचण आहे.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला कोणाचं चांगलं झालेलं बघवत नाही.

अडलं होतं ते दीपालीचं. सुरतमधल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीनं तिला निवडलं होतं, पण डिग्री हातात आल्यावरच रुजू व्हायचं होतं. सही नाही तर व्हायव्हा नाही. व्हायव्हा नाही तर आणखी एक सेमिस्टर. तोवर तिची खुर्ची कोणी रिकामी ठेवणार नव्हतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी अडून बसलो. विकतच्या प्रबंधाखाली सही केली असती, तर आधीच्या सगळ्या खऱ्या सह्यांनाही काही अर्थ उरला नसता.

दोन दिवसांनी ती आली. म्हणाली, चला सर, कारखान्याच्या शेठनी परवानगी दिलीय. रिक्षानं लिंबायतच्या त्या कारखान्याकडे जाताना तिनं सगळं सांगितलं. कारखान्यात कापड तपासायचं काम तिचे वडीलच करतात. फोटो त्यांनी शेठला न विचारता काढू दिले होते. आपल्या कापडातले दोष बाहेर दिसलेले कुठल्या शेठला आवडतील? नाव फुटलं असतं तर पप्पांची नोकरी गेली असती. आता माझ्या हट्टापायी पप्पांनी स्वतः शेठसमोर जाऊन कबूल केलं होतं. ऐकून वाईट वाटलं. संशय मात्र तिळभर कमी झाला नाही. फोटो खरे असले, तरी आकडा खरा आहे असं कुठे होतं?

कारखान्यात शिरताच लूमच्या खडखडाटानं कान बंद झाले. दारातच शेठ भेटले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“साहेब, तमे लेबर खातामांथी तो नथी ने?”

मी मजूर खात्यातला नाही, मास्तर आहे, हे पटवायला कॉलेजचं ओळखपत्र काढावं लागलं. ते त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. त्यांचा हा स्वभाव मला आवडला.

आतल्या खोलीत तपासणीचं लांब टेबल होतं. दीपालीचे वडील, आनंदराव बोरसे, तिथे उभे होते. डिंडोलीत राहतात, मूळचे धुळ्याकडचे. त्यांनी चहा मागवला आणि मी कप हातात घेतल्याबरोबर, एवढंच सांगायला थांबले होते तसं, हळूच म्हणाले, “साहेब, मनी पोर लबाड नही शे.”

अहिराणी मला कळते. मी नुसती मान हलवली.

मी म्हटलं, लूमवरून आत्ता उतरलेला ताका आणा. ताका म्हणजे कापडाचा लांबलचक गठ्ठा. अजून कोणी तपासला नसेल असा हवा. तो टेबलावर उलगडला. हातभर अंतरावर एक भोक दिसलं. माझं बोट जाईल एवढं. दीपालीनं फोटो काढून लॅपटॉपवर घेतला. उत्तर आलं: निर्दोष. तिनं पुन्हा फोटो काढला. निर्दोष. पुढे तेलाचा काळा डाग होता. तोही निर्दोष.

मी चहाचा कप खाली ठेवला आणि बॅगेची चेन लावली. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी बरं वाटलं. मी बरोबर होतो. हा तिसरा प्रबंध मी पकडला होता.

आनंदरावांना काय चाललंय ते कळत नव्हतं. टेबलावर भोक असलेलं कापड पडलेलं, एवढंच त्यांना दिसत होतं. त्यांनी सवयीनं खिशातून निळा खडू काढला आणि भोकाभोवती गोल काढला. दोष सापडला की खूण करायची, म्हणजे पुढच्या माणसाला शोधत बसावं लागत नाही. इतकी वर्षं ते हेच करत आलेत.

दीपालीनं त्या गोलाकडे पाहिलं. फोटो काढला. उत्तर आलं: सदोष.

ती थांबली. मग वडिलांच्या हातातला खडू घेतला, ताक्याचा अगदी स्वच्छ भाग पुढे ओढला आणि त्यावर एक गोल काढला. फोटो. सदोष.

“सर,” ती म्हणाली, “हे कापड बघतच नाहीये. हे पप्पांचा खडू बघतंय.”



मुलीला त्रास नको म्हणून आनंदरावांनी तिच्यासाठी चांगले तुकडे एका बाजूला आणि खराब दुसऱ्या बाजूला काढून ठेवले होते. खराब म्हणजे खुणा केलेले. शिकवण्याच्या फोटोंत खडू, परीक्षेच्या फोटोंतही खडू. मॉडेलला भोक ओळखायची गरजच पडली नाही. निळं दिसलं की सदोष म्हणायचं, मार्क मिळतात. प्रबंधातले फोटो काळे-पांढरे छापलेले, त्यात मला तो खडू चुणीसारखा दिसला. दीपालीला रंगीत फोटोंतही दिसला नाही. लहानपणापासून ती वडिलांच्या हातचं कापड बघत आली होती. तिच्या लेखी खडू कापडातच विणलेला होता.

मी बॅगेची चेन उघडली. विकतचा प्रबंध आणणारीला अशा वेळी रडू येतं, नाहीतर फोन येतो. स्वतःच्या आकड्याचा गळा असा चारचौघांत, स्वतःच्या हातानं तीच आवळते, जिनं तो आकडा स्वतः जन्माला घातलाय. आकड्यावरचा माझा संशय बरोबर होता. मुलीवरचा साफ चुकला होता.

शेठच्या परवानगीनं तिनं नवे फोटो काढले, खडू लागायच्या आधीचे. मॉडेल पुन्हा शिकवलं. अ‍ॅक्युरसी बाहत्तरवर आली. डीनसाहेब हळहळले. नव्याण्णवचं बाहत्तर झालं हे परीक्षकाला दिसायलाच हवं का, असं त्यांनी विचारून पाहिलं. मी नियमांचं पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं. क्रेडिट किती, मुदत किती, समास किती सोडायचा, सगळं त्यात आहे. अ‍ॅक्युरसी किती हवी, हे कुठेही नाही. काम स्वतःचं हवं, एवढं आहे. मी सही केली.

व्हायव्हात परीक्षकांनी पहिलाच प्रश्न बाहत्तरवर विचारला. दीपालीनं पिशवीतून कापडाचा तुकडा आणि निळा खडू काढला. पुढचा अर्धा तास त्यांनी दुसरं काही विचारलंच नाही.

तेव्हापासून मी प्रत्येक विद्यार्थ्याला एक प्रश्न जास्तीचा विचारतो: तुझ्या हातात येण्याआधी या डेटाला कोणाकोणाचा हात लागलाय? संशय घेणं मी सोडलेलं नाही. फक्त सुरुवात माणसापासून करत नाही.

आनंदराव बाहेर व्हरांड्यात थांबले होते, शिफ्ट संपवून तसेच आलेले. “पास व्हयनी ना पोर?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणताच त्यांनी माझा दंड दोन्ही हातांनी धरला आणि बराच वेळ सोडला नाही. घरी येऊन पाहिलं तर पांढऱ्या शर्टाच्या बाहीवर निळा खडू. दीपालीच्या जुन्या मॉडेलसमोर उभा राहिलो असतो, तर त्यानं मला बेधडक सदोष म्हटलं असतं. आणि त्या एका फोटोपुरता मी त्याच्याशी वाद घातला नसता.