मुका कीबोर्ड

"आवाज झाला नाही, तर अक्षर उमटल्याचं बोटांना कळत नाही," व्हर्ना एकदा म्हणाली होती. कॅनडातल्या सडबरीच्या एका इस्पितळात ती बावीस वर्षं डॉक्टरांचे बोललेले अहवाल ऐकून टाइप करायची. तिचा खडखडणारा कीबोर्ड बंद पडला, तेव्हा तिने तसाच ऑनलाइन मागवला. तीनदा खोकं आलं. तिन्ही वेळा आत बिनआवाजाचाच निघाला. तोवर वेगाची चाचणी आली. नापास होणाऱ्याचं काम ऐकून आपोआप टाइप करणाऱ्या यंत्राकडे जाणार होतं.

"अगं, बटणं तीच, जागा तीच! नाचता येईना, अंगण वाकडं," साहेब ट्रेंट हसला.

व्हर्ना टाइप करू लागली. दुसऱ्याच ओळीला तिला मान खाली घालून अक्षरं शोधावी लागली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच. ट्रेंटने वेळ मोजणं थांबवलं. तिने कोट घातला आणि ती बाहेर पडली.