पहिल्या पसंतीचं पुणं

बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या कॉलेजांची माझी यादी पप्पांनी कंपनीच्या कँटीनमध्ये तयार केली. वाळूजच्या ज्या कारखान्यात ते मशीन चालवतात, तिथं दरवर्षी नवे शिकाऊ इंजिनिअर येतात. पप्पा जेवणाच्या सुट्टीत एकेकाला गाठायचे. कुठल्या कॉलेजचा, हे विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, "फी माफ व्हती म्हनतो, मग वरचे किती लागले?"

मुलींची कॉलेजची ट्यूशन फी सरकार भरतं, उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढा म्हणजे झालं, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. वरचे म्हणजे डेव्हलपमेंट फी, डिपॉझिट, होस्टेल, मेस. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पप्पा ते कारखान्यातल्या जुन्या जॉबकार्डांच्या पाठीवर मार्करनं लिहून आणायचे, एका कॉलेजला एक कार्ड. एकावर लिहिलं होतं, 'डिपॉझिट परत द्यायला लई फिरवतात.' मला त्या कार्डांचा भयंकर राग यायचा. मैत्रिणी कटऑफ बघून यादी करत होत्या आणि माझा बाप होस्टेलच्या गरम पाण्याची चौकशी करत होता.

मला पुण्याचं एक कॉलेज हवं होतं. मार्क काठावरचे होते, पण लागलं तर लागलं. पप्पांनी नेमकं तेच कार्ड गठ्ठ्यातून काढून बाजूला ठेवलं आणि आपल्या शहरातलं सरकारी कॉलेज सगळ्यात वर ठेवलं. नियम त्यांनी शिकाऊ पोरांकडून नीट समजून घेतला होता. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं, सोडलं तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणाले, "पयलं नाव असं टाक, की चार वर्सं निभावलं पायजे. मधीच सोडून यायची पाळी नको."

फॉर्म भरायच्या दिवशी पप्पा सेकंड शिफ्टला होते. मी एकटीच नेट कॅफेत गेले आणि पुणं पहिलं टाकलं, सरकारी दुसरं. कॅफेवाला म्हणाला, "ताई, कन्फर्म केल्यावर बदलत नाय हां." मी तोऱ्यात म्हणाले, "बदलायचंच नाही."

सकाळी पप्पांच्या हातात प्रिंट दिली. त्यांनी ओरडावं अशी माझी सगळी तयारी होती, उत्तरंसुद्धा रचून ठेवली होती. त्यांनी कागद दोनदा वाचला, "बरं" म्हणाले आणि दाढी करायला बसले. आईनं मात्र दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं.

त्याच दिवशी दुपारी घरात कुणी नसताना मी ते बाजूला ठेवलेलं कार्ड काढून बघितलं. पहिल्याच वर्षाचे वरचे पप्पांच्या पाच महिन्यांच्या पगाराएवढे होते. मग माझा तोरा उतरला. प्रवेशाची यादी लागायला तीन दिवस होते आणि ते तीनही दिवस मी एकच मागणं मागत होते, की मला जे हवं होतं ते मिळू नये. असं मागताना आपलाच आपल्याला राग येतो.

यादी लागली तेव्हा पप्पा शिफ्टच्या बससाठी बूट घालत होते. मी मोबाइल घेऊन बाहेर धावले.

"पप्पा, पुणं नाही लागलं! सरकारी लागलं, आपल्या इथलं!"

"नाय लागलं?"

एक बूट हातातच ठेवून ते पायरीवर बसून राहिले. मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं, घरूनच जाणं-येणं होईल म्हणून सांगितलं.

"व्हय, चांगलं झालं," ते म्हणाले. मग हातातला बूट पायात सरकवत, "तिथं पुण्याच्या कॉलेजपाशी आपल्या देवगावची एक बाई डबे देती. परवा फोन केला व्हता. पोरीची सोय करते म्हनली, खोलीचीबी." बुटाची नाडी बांधता बांधता त्यांनी विचारलं, "अजून एक फेरी असती ना? त्यात लागंल का पुणं?"

मी तिथंच त्यांच्या शेजारी बसून रडायला लागले आणि त्यांना वाटलं, पुणं हुकलं म्हणून रडतेय.