पोलादची लढत, तुरटीचं मत

आमच्या गल्लीतला न्हावी भडक माथ्याचा आहे, हे गिऱ्हाइकांना माहीत असतं, तरी माणसं मान त्याच्याच वस्तऱ्याखाली देतात. कारण तसा हलका हात आसपास कुणाचा नाही. त्याला सगळे तुरटी म्हणतात. कुठे कापलंच, तर तुरटी फिरवून रक्त बघता बघता थांबवतो म्हणून. आणि बोलायला लागला की समोरच्याचं तोंड वाकडं होतं म्हणूनही. माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्याच्या सलूनला लागून आहे. मधली भिंत एका विटेची. त्याने तिकडे शिवी हासडली की इकडे माझ्या चिमट्यातून स्क्रू निसटतो.

रक्त थांबवण्याच्या या कसबानेच तुरटीला तरुणपणी बॉक्सिंगच्या रिंगणापाशी नेलं. पोलाद नावाचा बॉक्सर तेव्हा नुकता नावारूपाला येत होता. त्याच्या कोपऱ्यात तुरटी उभा राहायचा. दोन फेऱ्यांच्या मधे जेमतेम मिनिटभर मिळतं. तेवढ्यात फाटलेली भुवई दाबून धरायची, मलम थापायचं, नाकात बोळा घालायचा आणि गडी परत मारामारीला धाडायचा, हे त्याचं काम. पुढे त्याची धाकटी बहीण पोलादला दिली. लग्न जमवलं तेही तुरटीनेच. माणूस रिंगणात राक्षस आणि घरात गाय, असं तो सगळ्यांना सांगत सुटला होता, आणि तेव्हा ते खरंही होतं.

मग ती लढत झाली. जगज्जेत्याशी. तुम्ही ती पाहिली असेल, देशात न पाहिलेला माणूस शोधून सापडणार नाही. पण तुम्ही पाहिलीत ती समोरून. तुरटीने पाहिली ती हातभर अंतरावरून. शेवटच्या फेरीआधी पोलाद कोपऱ्यात येऊन बसला तेव्हा डावी भुवई सोलून डोळ्यावर लोंबत होती, नाक एका गालाकडे गेलं होतं आणि कानातून रक्त येत होतं. कानातलं रक्त तुरटीने थांबत नाही. डोळे उघडे होते, पण आत कुणी नव्हतं. प्रशिक्षक म्हणाला, "जागं कर त्याला." तुरटीने मानेवर बर्फ रगडला, दोन्ही गालांवर चपराका मारल्या, कान पिळला आणि त्याच कानात सांगितलं, "घंटा वाजली की उठायचं. समोर दिसेल त्याला मारायचं. बाकी काही नाही."

घंटा वाजली. पोलाद उठला आणि त्याने समोर दिसला त्याला मारलं. जगज्जेत्याचा जबडा निखळला, तो दोरावर लटकला, तरी पोलाद मारतच होता. पंचाने मिठी मारली, तर पंचालाही एक बसली. देश रस्त्यावर आला. गाड्यांच्या टपांवर चढून लोक नाचले. पोलादला लोकांनी जे खांद्यावर घेतलं ते आजवर खाली उतरवलेलं नाही.

या गोष्टीची दुसरी बाजू मला कळली ती एका भिंतीवरच्या घड्याळामुळे. एकदा दुपारी तुरटी आला आणि म्हणाला, "बहिणीच्या घरी चल. घड्याळाचे टोले काढायचेत."

"बिघडलंय का?"

"नाही. टोलेच नकोत."

मला वाटलं, श्रीमंतांची थेरं. घर तळमजल्यावर, रस्त्याला लागून. दाराला बेल नव्हती, नुसती कडी. पोलाद खिडकीशी खुर्चीत बसला होता, डोकं हलवत, शांत. बहिणीने चहा आणला. मी घड्याळ भिंतीवरून उतरवलं, मागचं झाकण उघडलं, आणि टोल्याची दांडी सोडवताना ती हातातून सुटून आतल्या घंटेवर आपटली. एकच टोला पडला. पोलाद खुर्चीतून उठला, दोन्ही मुठी हनुवटीशी आल्या, आणि समोर चहाचा कप घेऊन उभ्या असलेल्या बायकोच्या तोंडावर त्याने ठोसा मारला. ती भिंतीवर आदळून खाली सरकली. दुसरा बरगडीत. मी शहाणा हातात घड्याळ धरून उभा. तुरटीने मागून कमरेला मिठी घालून त्याला खाली पाडलं, त्याच्या छातीवर बसला आणि दम लागून तो आपोआप शांत होईस्तोवर बसून राहिला.

बाई उठली. पदराने ओठ पुसला आणि मला म्हणाली, "बाहेर बोलू नका. दादालाही मी माझी शपथ घातलीय. लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलंय. बायकोला मारतो म्हणून त्यांचं नाव झालेलं मला नकोय. ते मारत नाहीत, घंटा ऐकली की त्यांना कळतच नाही." आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार करायची कुणाकडे? मी मान डोलावली.

आणि यंदा एक टीव्ही वाहिनी उपटली. देशाच्या खेळांतला सर्वांत मोठा क्षण कोणता, जनतेनेच मत द्यायचं. जिंकेल तो क्षण वर्षभर रोज, बातम्यांच्या आधी, दाखवणार. पहिल्या दिवसापासून पोलादची लढत पुढे. दुसऱ्या नंबरावर चार मुलींची रिले शर्यत, जिच्यात शेवटची मुलगी पायातला बूट सुटला तरी पळत राहिली होती. जाहिरातीत लढतीची सुरुवात घंटेने व्हायची. शेजारच्या घरात जाहिरात लागली की इकडे पोलाद उठायचा. बहीण दारं-खिडक्या लावून, त्याच्या कानांवर उशी दाबून बसायची. तरी तिच्या डोळ्याखाली रोज नवा रंग. लढत जिंकली तर वर्षभर रोज हेच होणार, कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पडद्यांवर, हातातल्या फोनवर. उशी कुठवर पुरणार?

म्हणून तुरटीने आघाडी उघडली. दाढीला बसलेल्या प्रत्येकाला तो सांगू लागला, "मत रिलेला द्यायचं." लोकांना आधी थट्टा वाटली. सख्खा मेहुणा देशाचा हिरो, आणि हा चार पोरींच्या मागे लागलाय म्हणून हसायचे. हसू फार दिवस टिकलं नाही.

एक ट्रकवाला, मानेला घडी असलेला आडदांड गडी, फेस लावून खुर्चीत बसला होता. तो म्हणाला, "जळतोस तू मेहुण्यावर. तो मोठा झाला, तू हजामच राहिलास. त्याचा ठोसा म्हणजे ठोसा. बघून अंगावर काटा येतो."

"कुणाच्या अंगावर?" तुरटीने विचारलं.

"आपल्या सगळ्यांच्या."

मधल्या भिंतीला हादरा बसला तसा मी धावलो. तुरटीने वस्तरा बाजूला ठेवला होता, एवढी अक्कल त्याला होती. ट्रकवाल्याला त्याने कॉलर धरून खुर्चीतून ओढलं आणि आरशावर फेकलं. आरसा फुटला. ट्रकवाल्याने उठून त्याच्या पोटात गुडघा घातला, त्याचं डोकं नळाखालच्या भांड्यावर आपटलं. दोघे काचांवर लोळत होते. फेसात रक्त मिसळलं होतं. मी ट्रकवाल्याच्या पाठीत स्टूल घातलं तेव्हा कुठे सुटले. ट्रकवाला गाल धरून उठला आणि दारातून म्हणाला, "घरभेदी आहेस तू."

तो शब्द चिकटला. सकाळी शटरवर तोच लाल रंगाने लिहिलेला. दुपारी दगड. गिऱ्हाईक आटलं. एकदा बाजारात चौघांनी त्याला घेरलं, "कुणाला मत देणार, बोल," म्हणत लाथा घातल्या. तो प्रत्येक लाथेला "रिलेला" म्हणत राहिला. मी म्हणालो, "अरे, एकदा खरं सांगून टाक. लाथा तरी थांबतील." तो म्हणाला, "तिने शपथ घातलीय." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी या माणसाच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिला. मला त्या लोकांचा संताप येत होता आणि त्याहून जास्त त्या बाईच्या शपथेचा.

शेवटी वाहिनीने नगरभवनात जाहीर वादविवाद ठेवला. मतदान तो संपेपर्यंत उघडं. रिलेच्या बाजूने बोलायला दुसरं कुणी मिळेना, म्हणून तुरटीला बोलावलं. त्याने माझा कोट घातला. सभागृह खच्चून भरलेलं. व्यासपीठावर चढून तो समोर बघतो, तर पहिल्या रांगेत पोलाद, गळ्यात हार, आणि शेजारी बहीण. वाहिनीवाल्यांनी गाडी पाठवली होती. बाई नको नको म्हणत असताना शेजाऱ्यांनी पोलादला उचलून गाडीत बसवलं होतं. चॅम्पियनची आश्चर्यभेट म्हणे.

तुरटीने भाषण केलंच नाही. माईकवर एवढंच म्हणाला, "ती लढत लावू नका. पाया पडतो, लावू नका." लोकांनी हुर्यो उडवली. तो उडी मारून पडदा चालवणाऱ्या पोराच्या टेबलाकडे धावला. स्वयंसेवकांनी वाटेतच धरलं. दिवे मंद झाले, पडद्यावर लढत लागली. बहीण खुर्चीतून उठून नवऱ्यासमोर वळली आणि तिने दोन्ही तळव्यांनी त्याचे कान झाकले.

एवढ्या मोठ्या सभागृहातली घंटा तळव्यांनी झाकत नसते. पोलाद उठला. पहिल्या ठोशाला बाईचा दात पडला, तो मी खुर्चीखाली पडताना पाहिला. तुरटीने स्वयंसेवकाच्या हाताला चावा घेतला, सुटला आणि दोघांच्या मधे शिरला. त्याने हात वर केले नाहीत. बहिणीला पाठीशी घेतलं आणि उभा राहिला. पडद्यावर पोलाद जगज्जेत्याला मारत होता, आणि खाली पोलाद तुरटीला. जबडा मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तुरटी गुडघ्यांवर आला, तरी बाजूला झाला नाही.

आणि लोक टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, मेहुण्या-मेहुण्यांनी बसवलेली गंमत आहे. उभे राहून वाजवल्या टाळ्या. फोन वर धरून सगळं टिपलं. निवेदक ओरडला, "अजूनही तोच ठोसा." मी आणि दोन म्हाताऱ्यांनी पोलादला मागून धरून पाडलं. तो धापा टाकत इकडे तिकडे बघत होता. मला विचारलं, "जिंकलो का?"

लढत जिंकली. रिलेला मिळाली त्याच्या कितीतरी पट मतं पडली, त्यातली निम्मी त्या टाळ्यांच्या वेळी.

इस्पितळात तुरटीचा जबडा तारांनी बांधला होता. बहीण कॉटशी बसली. तिचा ओठ शिवलेला होता. तिने सावकाश विचारलं, "दादा, कळलं का आता, किती लागतं ते?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तुरटीच्या डोळ्यांतून पाणी कानांत उतरत होतं. त्याने मान हलवली, म्हणजे जेवढी हलत होती तेवढी. ती म्हणाली, "मी घातलेली शपथ सुटली. सांग सगळ्यांना."

त्याला तर सांगता येणार नाही, तारा निघेपर्यंत. म्हणून मी सांगतोय. दुकानात येईल त्याला सांगतो, हातातलं घड्याळ बाजूला ठेवून सांगतो. काही ऐकतात, हळहळतात आणि म्हणतात, "पण ठोसा काय होता तो." त्यांचं घड्याळ मी तसंच परत देतो. तुम्हाला काही परत देता येणार नाही, म्हणून एकच मागणं आहे. ती लढत बघायची तर खुशाल बघा. पण आमच्या गल्लीतून जाताना आवाज बंद ठेवा. तळमजल्यावरचं, बेल नसलेलं घर आहे, आणि तिथे आज बाई एकटीच त्याच्यासमोर बसलेली आहे.