अनुक्रमणिकेतलं जाड अक्षर

मासिकाच्या कचेरीत सगळे त्यांना मांडणीताई म्हणत. अठरा वर्षं अनुक्रमणिकेचं पान त्याच लावायच्या. वाचक आधी तिथेच थबकतो, म्हणून तीनच शीर्षकं ठळक, बाकीची बारीक, आणि पानाचा आकडा नावाला चिकटून, हा त्यांचा शिरस्ता.

एका महिन्यात अंक छापून आला आणि ताईंच्या कपाळाला आठी पडली. चौथंच शीर्षक ठळक झालं होतं: शेवटच्या पानावरचं शब्दकोडं. पुढच्या महिन्यातही तेच.

संशय गेला नव्या मुद्रितशोधकावर. माणूस अबोल, दिवसभर मान खाली. ‘मुक्याचा कावा ओळखता येत नाही,’ ताई नवऱ्याला म्हणाल्या. कोडं ‘अनामिक’ या नावाने टपालाने यायचं; नोकरीला लागण्याआधीपासून ती पाठवणारा अनामिक हाच असणार, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. त्याच्याशी बोलणं बंद केलं. तो टेबलाजवळून गेला तरी त्या पडद्यावरचं पान मिटत.

तिसऱ्या महिन्यात फाइल त्यांनी कोणाला दाखवलीच नाही. स्वतः छापखान्यात नेऊन दिली आणि तिथेच स्टूल ओढून बसल्या. फाइलवरून छपाईची प्लेट काढणारे काका उगाच घुटमळू लागले.

“ताई, चहा घेऊन या की बाहेरून.”

“नको. तुम्ही काम करा.”

काकांनी फाइल उघडली, हात थांबवला. मग हळूच म्हणाले, “मीच करत होतो ते. कोडी माझीच आहेत. चार वर्षं अनुक्रमणिकेत मुंगीएवढ्या अक्षरात छापून येतात. बायकोला चष्मा लावूनही सापडत नव्हती. नाव कुठल्या तोंडाने सांगू? प्लेट काढणाऱ्याची कोडी कोण छापणार?”

ताई स्टुलावरून उठल्या. “ठळक केल्याने पान विसकटतं, काका,” त्या म्हणाल्या. “सरका जरा.”

त्यांनी कोड्याचं शीर्षक यादीतून काढून खाली कोपऱ्यात एकटं ठेवलं. अक्षर तेवढंच, पण भोवती मोकळी जागा. नजर आपसूक तिथे गेली.

कचेरीत परतल्यावर त्यांनी मुद्रितशोधकाला सगळं सांगितलं, माफीही मागितली.

“मला वाटलं, माझ्या चुका फार होतात म्हणून तुम्ही बोलत नाही,” तो म्हणाला.

ताईंनी खुर्ची सरकवून त्याला नवं पान दाखवलं.