शेवटचा हप्ता, गुडघाभर पाण्यात

मेस्त्री फळी तासायला बसला ना, की बोटीखाली ढलप्यांचा ढीग होतो. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी परत तेवढाच! यार्डातले किस्से पण तसेच साचतात, यार. कट्ट्यावर एक सांगितला की पोरं म्हणतात, "पक्या, अजून एक." मी सांगतो, पोरं लोळून लोळून हसतात.

पण खरं सांगू? अख्खा पावसाळा माझी फाटलेली होती.

झालं काय, शिमग्याच्या आधी आमच्या शेजारच्या नाखव्याची बोट भर समुद्रात फळी सुटून बुडाली. रिपेरिंग ताजं! त्यानं आपल्या मेस्त्रीला फुल पेमेंट आधीच देऊन टाकलेलं, आणि तो मेस्त्री काम कसंबसं उरकून गावाला पसार. बोटीवरच्या बाकीच्यांना दुसऱ्या बोटीनं उचललं. पांडूदादा काही मिळाला नाही. मला पोहायला पांडूदादानं शिकवलेलं.

आणि आता आमची बोट खार-दांड्याच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, बुडाच्या फळ्या कुजलेल्या. नारळी पुनवेनंतर माझा बापूस ह्याच बोटीतून आत जाणार. म्हणून घरात एकच विषय. मेस्त्रीला पैसे द्यायचे कधी, आणि कसे?

आय म्हणाली, "पैसे आपल्या कमरेला हाईत तवर मेस्त्रीचं ध्यान बोटीत. पैसे गेले की ध्यान गेलं."

बापूस म्हणाला, "आणि पैसे दिलेच नाय, तर?"

आय म्हणाली, "तू जेव."

* * *

यार्ड म्हणजे काय हो, बांबू रोवून वर ताडपत्री. आमचा मेस्त्री म्हणजे तातू मेस्त्री. मूळचा मालवणचा. बापजादे बोटी बांधायचे, हा मात्र मुंबईत येऊन गिरणीत लागला. गिरणी बंद पडली, तेव्हा ट्रंकेतली जुनी हत्यारं काढली आणि आला समुद्रावर. दुसऱ्यांपेक्षा स्वस्त. बापसाला तोच परवडला.

आमच्याकडे पहिला हप्ता मेस्त्रीच्या हातात देत नाहीत. बोटीच्या टोकावर नारळ फोडायचा, कुंकू लावायचं आणि करवंटीत नोटा ठेवायच्या. मेस्त्रीनं तिथून उचलायच्या. म्हणजे पैसे नाखवा देत नाही, बोट देते. पुढे काम बिघडलं तर मेस्त्री बोटीचा गुन्हेगार!

आता करवंटी ठेवायचं काम मला दिलं, ही चूक कुणाची? मी नोटांखाली चिंबोरी ठेवली. बारकीच होती, पण जिवंत.

तातू मेस्त्रीनं डोळे मिटून नमस्कार केला, हात घातला आणि असा उडाला की टोपी डांबराच्या डब्यात!

"नाखवा!" तो बोट चोखत ओरडला. "तुझी बोट चावता रे!"

सगळा किनारा हसला. मेस्त्री पण हसला. मग त्यानं वाकस उचललं. लाकूड तासायचं ते, वाकड्या पात्याचं. अंगठ्यानं धार बघितली आणि शांतपणे मला म्हणाला, "झिला, हय ये जरा."

मी थेट खारच्या फाटकापर्यंत पळालो. चप्पल यार्डातच.

* * *

दांड्यातली पोरं त्याला "गिरणीवाला" म्हणायची. "ए पक्या, तुझ्या बोटीला आता धोतर नेसवणार काय रे?" माझं डोकं फिरायचं. पण मनात मला पण तीच भीती. एवढी वर्षं माग चालवलेला माणूस, ह्याला बोट काय कळणार?

एक दिवस सरळ विचारलं. "काय मेस्त्री, बोट ठोकणार की विणणार?"

तो दोन फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकून भरत होता. पाणी अडतं ते त्या कापसानं. हात न थांबवता म्हणाला, "गिरणीत पण कापूस, हय पण कापूस. थय मालकाक लागायचो. हय दर्याक लागता."

 मालकाला गंडवता येतं. दर्याला?

* * *

आमची आय खारच्या मार्केटात मासे विकते. पावसात सुकट-बोंबील. घरातला पैसा तिच्याकडे, बापूस चहाला पण मागून घेतो. दुसऱ्या हप्त्याच्या दिवशी ती टोपली डोक्यावर घेऊन सरळ यार्डात आली. टोपली उतरवली, मासे कापायचा कोयता काढला.

मेस्त्री दोन पावलं मागे. मी चार.

आय बोटीखाली वाकली आणि कोयत्याचं टोक फळीफळीला टोचत चालली. टक, टक, टक... फच्च! टोक आत गेलं.

"मेस्त्री! ह्यो काय रं, बोट हाय का केळ्याची शिकरण?"

तातू मेस्त्री कळवळून म्हणाला, "अगो बाय, ती फळी काढूचीच आसा अजून! जुनीच आसा ती!"

आयनं कोयता पदराला पुसला, टोपली परत डोक्यावर घेतली.

"बरं. मंग पैसे पण जुनेच हाईत. पेटीतून काढायचे हाईत अजून."

आणि गेली! मेस्त्री तसाच उभा. मग मला म्हणाला, "तुझ्या बापसाक समुद्राचा भय कित्याक वाटत नाय, ता माका आज कळला."

* * *

फळ्या बसल्यावर टेस्ट असते. बोट जमिनीवरच ठेवून आत पाणी भरायचं आणि खाली वाकून बघायचं, कुठून टिपकतं का. टिपकलं नाही तर दुसरा हप्ता सुटला.

मी काय केलं, बुडाच्या एका सांध्यात ओल्या फडक्याची गोळी खोचून ठेवली. टप्... टप्... टप्... मस्त टिपकायला लागलं! आयनं नोटांचं पुडकं परत कमरेला खोचलं. मेस्त्री पांढराफटक. "हयसून? हयसून कसा येता?" म्हणत बोटीखाली आडवा. मी ढलप्यांच्या ढिगामागं तोंड दाबून.

फडकं त्याला दिसलं नाही. पाणी सोडून देऊन त्यानं सांध्यावरची फळीच उचकटली! तेव्हा माझं हसू गेलं. चांगली फळी, खिळ्यांसकट बाहेर! आता मार पडणार, अख्ख्या दांड्यासमोर पडणार.

फळी निघाली आणि मेस्त्रीचा हात थांबला. बापसाला त्यानं हाक मारली. फळीच्या आतलं आडवं लाकूड, ज्याच्यावर सगळ्या फळ्या ठोकलेल्या असतात ते, आतून पार भुगा झालेलं. बाहेरून ठणठणीत! बोट घातलं की आत. तसंच पाण्यात गेलं असतं तर...

बापसानं डोक्याला हात लावला. तेवढ्यात वरून माझं फडकं मेस्त्रीच्या टकलावर पडलं.

त्यानं फडकं बघितलं. मला बघितलं. जवळ आला आणि एक सणसणीत कानाखाली ठेवून दिली. मग त्याच हातानं डोक्यावरून हात फिरवला.

पोरं ह्या किश्श्याला सगळ्यात जास्त हसतात. मी पण हसतो. पण त्या दिवसापासून डोक्यात एकच. एक सापडलं ते माझ्या खोडीमुळं. न सापडलेलं अजून कुठं कुठं असेल? मी रोज जाऊन बोटीला कान लावायचो आणि ठोकून बघायचो. आवाज सगळा सारखाच यायचा, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

* * *

नवं लाकूड आणलं आणि आयची पेटी आटली. पावसात मासेमारी बंद, बाजार थंड. मग दुसऱ्या हप्त्याच्या बदल्यात सुके बोंबील! मेस्त्री ते गोणीत भरून बसनं दिंडोशीला घरी न्यायचा. दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचा, "आज कंडक्टरान दोन तिकिटां फाडली. एक माझा, एक वासाचा."

"मग काय केलंत?"

"काय करतलंय? वासाक खिडकीकडे बसवलंय!"

* * *

आणि मग मेस्त्री यायचाच बंद झाला.

एक दिवस नाही, दोन दिवस नाही. पुनव जवळ आलेली आणि आमची बोट एका बाजूनं उघडी, बरगड्या दिसतायत. वर ताडपत्री फडफडतेय. लोक येऊन बघून जायचे. शेजारच्या नाखव्यानं बापसाला विचारलं, "पळाला काय रं तुजा पण?" बापूस सुटलेली ताडपत्री परत बांधायला लागला.

आयनं मला दिंडोशीला पाठवलं. शोधत शोधत घर सापडलं. तातू मेस्त्री दारात बसलेला, पोरीची वेणी घालत.

"काय मेस्त्री, बोट काय उघडीच ठेवायची?"

"हत्यारां गहाण पडली रे," तो म्हणाला. "बोंबलावर शाळेची फी घेत नाय."

मी घरी येऊन सांगितलं. मला वाटलं आता आय पेटणार. आय उठली, पेटी उघडली, तळाला अडीअडचणीसाठी ठेवलेल्या पैशांना हात घातला आणि तिसरा हप्ता माझ्या हातात ठेवला. काम व्हायच्या आधीच!

"आय, आधी पैसे दिले की ध्यान जातं म्हणालेलीस ना?"

"म्हनालेली."

"मग हा पण पळाला तर?"

आय कधी अशी घाबरलेली बघितली नव्हती. म्हणाली, "हत्याराशिवाय तरी काय दातानं खिळे मारील तो? जा लवकर, माझा विचार बदलायच्या आत."

मी परत दिंडोशीला जाईपर्यंत पैसे खिशातनं हात न काढता धरून ठेवलेले.  पैसे दिले, आणि परत येताना रस्ताभर एकच वाटत होतं, वाट लागली. आपली पण वाट लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी यार्डातून ठोकल्याचा आवाज आला. आय चूल फुंकत होती, थांबली. ऐकलं. मग परत फुंकायला लागली. डोळ्याला पाणी आलं ते धुराचं म्हणाली. चूल तेव्हा अजून पेटली पण नव्हती!

* * *

आता शेवटचा.

शेवटच्या हप्त्याची आमच्याकडे वेगळीच रीत. तो घरच्या बाईनं द्यायचा, भर भरतीला, गुडघाभर पाण्यात उभं राहून, मेस्त्रीच्या हातात. बोट पाण्यात तरंगली की मेस्त्री पैसे घेतो, कपाळाला लावतो. म्हणजे झालं. माझं काम पक्कं, असं त्यानं दर्यासमोर म्हटल्यासारखं. मग नाखवा इंजिन चालू करतो.

पुनवेला नारळ सोडून झाले. सगळ्या दांड्यानं हात लावून बोट ढकलली. हेंदकाळली, डावीकडे झुकली, सावरली. तरंगली! पोरं ओरडली. बापूस चढला, सुकाणूला हात लावला. आत अजून तरी कोरडं होतं. मी सारखा तेच बघत होतो.

आय नवं लुगडं भिजवत पाण्यात उतरली. पुढं केले पैसे. पावसाळाभर जी बाई नोट सोडताना माणसाचा जीव काढायची, ती आज घाई करत होती. "घे मेस्त्री. घे."

तातू मेस्त्रीनं पैशांकडे बघितलं. बोटीकडे बघितलं. हात पुढं केला नाही.

"ऱ्हवांदेत," तो म्हणाला.

 ढोल वाजवणारा थांबला.

"राहू दे म्हंजे काय रं?" आयचा आवाज चिरकला. "पैसे कमी हाईत? मोजून घे. घे म्हनते ना!"

"परत इलात की द्या."

आय त्याच्या खिशात पैसे कोंबायला लागली, तो हात धरून बाहेर काढायला लागला. गुडघाभर पाण्यात दोघांची झटापट! दुसऱ्या वेळी मी हसून मेलो असतो. त्या वेळी हसू आलंच नाही. मेस्त्री पैसे घेत नाही म्हणजे काय? त्याला काय माहिताय? कुठली फळी? कुठला खिळा? मी बापसाला ओरडलो, "बाबा, उतरा! बाबा, आज नको!"

बापूस बोटीतून म्हणाला, "मेस्त्री, एकच सांग. जाऊ का नको?"

 तातू मेस्त्रीनं पायातल्या भिजलेल्या चपला काढल्या, आयच्या हातात दिल्या आणि बोटीच्या कडेला धरून वर चढायला लागला. एकदा घसरला. मी खालून ढकलला.  मला म्हणाला, "झिला, माका पोवूक येत नाय हां." जन्मात कधी तरंगत्या बोटीत बसला नव्हता तो माणूस, बांधायचा सगळ्या जमिनीवरनं!

वर जाऊन तो बुडातच बसला, नव्या फळ्यांवर, दोन्ही तळवे फळ्यांना टेकून. डोळे गच्च मिटलेले.

बापूस म्हणाला, "मेस्त्री, उतरायचं तर आत्ताच उतर. पुढं मी वळवणार नाय."

"इंजिन चालू कर, नाखवा," तातू मेस्त्री डोळे न उघडता म्हणाला. "माका काय विचारू नको."

धक, धक, धक. बोट निघाली. लाटांवर वर गेली, खाली गेली. मेस्त्रीचं टक्कल दिसायचं, दिसेनासं व्हायचं. ढोल कुणी वाजवेना.

आय पाण्यात तशीच उभी, एका हातात नोटा, एका हातात चपला. मागून शेजारच्या जनामावशीनं हळूच विचारलं, "सुताराचे पैसे दिलेस का गो?"

आयनं मान वळवली नाही.

"घेतोय कोन!"