टोपलीतले हार

डिस्क गोल्फ म्हणजे साखळ्या लावलेल्या टोपलीत लांबून चकती फेकायचा खेळ. आमच्या जिल्हा संघटनेच्या कार्यकारिणीसाठी जागांपेक्षा एकच अर्ज जास्त आला होता, आणि सात रस्ता चौकातल्या कार्यालयात निवडणूक बिनविरोध करायचा घाट चालला होता. निवड समितीत मीही होतो. सगळे माढ्याहून आलेल्या खेळाडू बाईंकडेच बघत होते.

"ताई, तुमी माघार घ्या की," मावळते अध्यक्ष म्हणाले.

माझं डोकंच सणकलं. "खेळणारी एकटी हीच हाय, आन् माघार हिनंच घ्यायची?"

बाई उठल्या, पिशवीतून चकती काढून टेबलावर ठेवली.

"घेते की माघार. आधी तुमच्यातल्या कुणीबी ही टोपलीत टाकून दाखवा."

सगळ्यांनी कोपऱ्यातल्या साखळ्यांच्या टोपलीकडं पाहिलं. बिनविरोध निवडून येणाऱ्यांचे हार तिच्यात सकाळीच आणून ठेवले होते.